पत्ता नसलेल्या शहरातलं पार्सल

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत माझा मावसभाऊ राहतो. तिथल्या वस्त्यांना देशांची नावं आहेत: चायना, पर्शिया, रशिया, इंग्लंड. पहिल्यांदा गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याला ‘रशिया’ एवढंच सांगितलं आणि एकसारख्या इमारतींच्या रांगांतून अर्धा तास फिरत राहिलो. शेवटी भाऊच खाली येऊन उभा राहिला. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. जिथे माणूस सापडत नाही, तिथे पार्सल पोचतं कसं?

मागची हकिगत थोडक्यात सांगतो. जबल अली बंदर 1979 चं, त्याला लागून असलेलं मुक्त व्यापारक्षेत्र 1985 चं. 1982 मध्ये अम्मानमध्ये सुरू झालेली अरामेक्स 1997 मध्ये नॅसडॅकवर नोंदली गेलेली पहिली अरब कंपनी ठरली आणि पुढे दुबईकर झाली. 2017 मध्ये ॲमेझॉनने दुबईची सूक डॉट कॉम विकत घेतली. जहाज, विमान, गोदाम या सगळ्यांत अमिरात तरबेज. अडतं ते गोदामापासून दारापर्यंत.

कारण तिथे टपाल घरी येण्याची रीतच नव्हती. पत्र पोस्ट बॉक्समध्ये पडायचं, नोकरदाराचं बहुधा कंपनीच्या बॉक्समध्ये. घराला पत्ता लागायचाच नाही. मग लोक खुणा सांगत: अमुक सुपरमार्केटच्या मागे, मशिदीसमोर, पांढरा व्हिला. खुणेचं दुकान बंद पडलं की पत्ताही गेला!

एकदा ओळखीतून एका डिलिव्हरी व्हॅनमध्ये संध्याकाळभर बसायला मिळालं. चालक पेशावरचा, हिंदी-उर्दू अस्खलित. स्टिअरिंगपेक्षा त्याच्या हातात फोनच जास्त वेळ. ‘भाईजान, नीचे आ जाओ’ हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल! चार पार्सलं परत आली. एकाने फोन उचलला नाही, एक शारजात अडकला होता, दोघांचं मन बदललं होतं. पैसे पार्सल हातात पडल्यावर द्यायचे असल्याने नाही म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं.

या धंद्यातलं यश तिथे, व्हॅनच्या त्या सीटवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. दर एकाच फेरीचा मिळतो. दुसऱ्यांदा जावं लागलं की पेट्रोल, पगार, वेळ सगळं दुप्पट आणि कमाई तेवढीच. परत आलेला माल विक्रेत्याकडे पोचवायचा, रोख रकमेचा रोज हिशेब लावायचा, ती विक्रेत्याला चुकती करायची. नव्या कंपनीची गंगाजळी इथेच आटते.

फेचर या दुबईच्या कंपनीने 2012 मध्ये नेमकी ही नस पकडली. ग्राहकाच्या मोबाइलचं स्थान हाच त्याचा पत्ता! कल्पना मला आजही अफलातून वाटते. 2017 मध्ये तिला 4 कोटी 10 लाख डॉलरचं भांडवल मिळालं, आणि 2019 संपता संपता ती गंभीर आर्थिक अडचणीत आली. नकाशावर घर सापडलं तरी घरात माणूस आणि त्याच्या खिशात पैसे असावे लागतात. भांडवल कितीही आलं तरी फेरीमागचा तोटा त्याने भरून निघत नाही.

इथे मुंबईचे डबेवाले आठवतातच. 1890 पासून चालत आलेली ही सेवा, डब्यावर रंगवलेली अक्षरं आणि आकडे हाच पत्ता. पण त्यांच्या अचूकतेचं मर्म माझ्या मते त्या खुणांइतकंच रोजच्या सवयीत आहे. तेच घर, तेच कार्यालय, तीच वेळ. दुबईच्या चालकाला रोज नवं दार शोधावं लागतं.

मोठ्या मालाचं दुखणं वेगळं: ट्रक भरून जातो, रिकामा परततो. 2016 मध्ये गौरव बिस्वास यांनी सुरू केलेल्या ट्रकर या कंपनीने ट्रकमालक आणि माल पाठवणारे यांची ऑनलाइन गाठ घालून दिली. परतीचा माल मिळाला तर तेवढ्याच डिझेलवर दुसरं भाडं सुटतं.

दुबई महापालिकेने आता इमारतींच्या प्रवेशद्वारांना दहा अंकी ‘मकानी’ क्रमांक दिले आहेत. तो क्रमांक टाकला की नकाशा थेट त्या दारावर नेतो. भावाच्या इमारतीच्या पाटीसमोर मी बराच वेळ उभा होतो. अर्ध्या तासाची ती भटकंती त्या दहा आकड्यांनी वाचली असती.

यंदा दुबईला फराळ पाठवणार असाल, तर खोक्यावर मकानी क्रमांक आणि तिथला चालू मोबाइल नंबर ठळक लिहा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला.