पिच मारताना चेंडू उचलायचा नाही
हिरवळीच्या कडेने : लेखांक ६

गेल्या आठवड्यात चिप पाहिली : थोडा उडणारा, जास्त घरंगळणारा फटका. आज पिच. ग्रीन वीस-चाळीस यार्डांवर आहे, मध्ये बंकर आडवा आलाय, आणि चेंडू त्यावरून जाऊन पलीकडे पटकन थांबायला हवा.

हा फटका सगळ्यांनाच नडतो. हॉकी खेळून आलेल्यांना जरा जास्तच, असं माझं मत आहे. मी त्यांच्यातलाच. ग्वाल्हेरच्या लष्करात (आमच्या वस्तीचं नाव, फौज नव्हे) लहानपण गेलं आणि हातात हॉकी आली नाही, असं कसं होईल? इथलं स्टेडियम ज्यांच्या नावाचं आहे ते कॅप्टन रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले दहा गोल रूपसिंहांचे. आता मात्र ते स्टेडियम म्हटलं की लोकांना सचिनचं द्विशतकच आठवतं. असो.

हॉकीत चेंडू हवेत न्यायचा तर स्कूप करतात. काठी मागे कलवून चेंडूखाली सारायची आणि मनगटांच्या जोरावर तो उचलून फेकायचा. काठीला स्वतःचा कल नसतो, म्हणून ते काम हातांना करावं लागतं. वेजचं तसं नाही. पिचिंग वेजचा कल साधारण ४६ अंश, सँड वेजचा ५६ च्या आसपास. उचलण्याचं काम लोहाराने आधीच करून ठेवलंय. त्यात आपणही हात घातला की मनगटं मोडतात, वजन मागच्या पायावर जातं आणि झोक्याचा सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या मागे येतो. मग एकतर ढेकूळ उडतं आणि चेंडू दोन पावलं सरकतो, नाहीतर वर येणारी धार चेंडूच्या पोटात बसते आणि तो ग्रीन ओलांडून गायब होतो. चुका उलट्या दिसतात, पण कारण एकच.

यावर मला लागू पडलेला उपाय फक्कीचा. कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी रेघ मारा. रेघ दोन पायांच्या मधोमध, वजन आधीपासूनच पुढच्या पायावर थोडं जास्त, हात किंचित पुढे. आता चेंडूशिवाय झोका घ्या, छाती लक्ष्याकडे वळू द्या आणि वेज जमिनीला कुठे लागतो ते पाहा. रेघेवर किंवा तिच्या जरा पुढे लागला तर ठीक. मागे लागला तर तुम्ही अजून हॉकीच खेळताय. वीस झोके असे झाल्याशिवाय चेंडू ठेवू नका.

वेज निवडताना त्याचा तळही पाहा. त्याच १९३२ साली जीन सॅराझनने तळाला जादा धातू चढवलेला वेज ब्रिटिश ओपनमध्ये वापरला आणि स्पर्धा जिंकली. तो फुगीर तळ वाळूत रुतत नाही, घसरत पुढे जातो. यालाच बाउन्स म्हणतात. पावसाळ्यातल्या मऊ जमिनीवर तो आपल्याला सांभाळून घेतो. पण मे महिन्यात, आमच्याकडे गवत करपून जमीन तव्यासारखी होते तेव्हा, तोच तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूत घुसते. अशा वेळी सँड वेज पिशवीतच राहू द्यावा; कमी बाउन्सचा वेज घेऊन चेंडू किंचित मागे ठेवावा.

अंतराचं काय? ‘नासा’त काम केलेल्या डेव्ह पेल्झने घड्याळाची युक्ती रूढ केली. पुढचा हात मागे नेताना साडेसातवर, नऊवर किंवा साडेदहावर थांबवायचा. एका वेजची तीन अंतरं मिळतात. जोर बदलायचा नाही, फक्त झोक्याची लांबी बदलायची. लांब झोका घेऊन चेंडूजवळ ब्रेक मारणारे तर सगळ्यात आधी फसतात.

प्रत्येक लांबीचे दहा-दहा चेंडू मारा आणि वहीत नोंद ठेवा. चेंडू पडला ती जागा लिहायची, थांबला ती नव्हे. पुढचं घरंगळणं त्या दिवशीच्या ग्रीनवर अवलंबून. पुढच्या आठवड्यात वाळूत उतरू.