एक गिअर, पण चेन कोण ताणणार?
कार्बनची फ्रेम कुरिअरने घरी येते, चाकं-ब्रेक अडगळीतून निघतात. एका गिअरची सायकल जुळवताना घोडं अडतं ते चेनपाशी. एरवी गिअर बदलणारा मागचा डिरेलर चेन ताणून धरतो. तो काढला की ताण कोण देणार? जुन्या लोखंडी सायकलीत मागचं चाक आडव्या खाचेत सरकवता यायचं. आजच्या बहुतेक कार्बन फ्रेमची खाच उभी, चाक हलतच नाही. चेनच्या कड्या काढायच्या तर जोडीनेच, म्हणजे एक इंच. मग दातांशी खेळायचं: एक दात वाढला की त्याच चेनला चाक सुमारे ३ मिमी पुढे हवं. पुढे ३२ आणि मागे १६ दात बरोबर बसले तर नशीबच! नाहीतर स्प्रिंगचा टेन्शनर लावावा. दिसतो ओंगळ, पण चेन उतरू देत नाही.