हळदीच्या रात्रीचं जेवण: कर्ज न काढता दीडशे पानं

तुळशीची लग्नं उरकली की आपल्याकडं लग्नसराई लागते, आणि लग्नसराई लागली की गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाढतात. पूर्वी अर्जावर नुसतं 'मुलीचं लग्न' असं लिहिलेलं असायचं. आता तीन-चार वर्षं आम्ही बघतोय, लग्नाचं वेगळं आणि हळदीचं वेगळं असे दोन आकडे सांगितले जातात. हळद म्हणजे आदल्या संध्याकाळचा घरगुती कार्यक्रम. पण ती आता दुसरं लग्न होऊन बसली आहे. वेगळा मांडव, पिवळ्या साड्या, डीजे, फोटोवाला, आणि शे-दोनशे माणसांचं जेवण. यातल्या जेवणाबद्दल आज बोलायचं, कारण सगळ्यांत जास्त पैसा तिथं जातो आणि सगळ्यांत सोपी बचतही तिथंच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हळदच नको, सकाळी हळद आणि दुपारी अक्षता, एकाच जेवणात सगळं उरका, असा सल्ला पुष्कळ जण देतात. पैशाच्या हिशेबानं तो बरोबर आहे. ज्यांना तो पटतो त्यांनी जरूर तसं करावं. पण आम्हाला स्वतःला तो फारसा आवडत नाही. लग्नाच्या दिवशी बाई पाहुण्यांच्या मागं धावत असते. हळदीची संध्याकाळ तेवढी बायांची. जात्याला हळकुंड बांधायचं, चार ओव्या म्हणायच्या, लेकीच्या अंगाला हळद लावायची, माहेरवाशिणीशी बोलायचं. ती संध्याकाळ राहावी. तिच्या पायी सावकार मात्र घरात येऊ नये.

आमच्या वाडीतल्या एका सभासदाचं उदाहरण सांगतो, नाव नको. नवरा नाही, रोजगारावर घर, दोन शेळ्या आणि एक गाय. थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. हळदीला तीनशे माणूस होईल असं दिरानं सांगितलं. आचाऱ्यानं माणशी १२० रुपये मागितले, म्हणजे ३६ हजार. वरखर्च धरून ४० हजार. ते ती बाहेरून शेकडा पाचनं काढणार होती. शेकडा पाच ऐकायला लहान वाटतं. महिन्याला दोन हजार नुसतं व्याज, वर्षाला २४ हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. लेक सासरी नांदायला गेल्यावर इकडं गाय दावणीची सुटली असती, हे तिलाही कळत होतं.

आम्ही सात-आठ जणी तिच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न विचारला, तीनशे हा आकडा आला कुठून? कुणालाच सांगता येईना. दिरानं अंदाजानं सांगितला होता.

इथंच खरी मेख आहे. आपल्याकडं आवतणाचे दोन प्रकार आहेत, ते तुम्हाला माहीतच आहेत. एक चूलबंद, म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आपल्याकडं जेवायला. दुसरं घरटी एक. आवतण सांगायला जो जातो तो गडबडीत दारातून 'या बरं का समदी' म्हणून पुढं जातो, आणि घरटी एकचं चूलबंद होऊन जातं. साठ घरांत हा फरक दोनशे माणसांचा पडतो. म्हणून यादी घराच्या नावानं करायची आणि प्रत्येक नावापुढं चूलबंद का घरटी ते लिहायचं. त्या घरी आम्ही असं लिहिलं: भावकीची १४ घरं चूलबंद, घरामागं पाच धरून ७० माणसं. वाडीतली बाकीची ४५ घरं घरटी एक, म्हणजे ४५. मुक्कामाला आलेले पाहुणे २५. मांडववाला, वाजंत्री, टेम्पोवाला असे १०. बेरीज दीडशे. तीनशेची निम्मी यादी आचारी ठरवण्याच्या आधीच कमी झाली. आवतण सांगायला दिराबरोबर गटातली एक बाई गेली आणि प्रत्येक दारात नीट शब्दांत सांगून आली. घरटी म्हटल्यावर कुणी रागावलं नाही, कारण सगळ्यांनाच एक शब्द होता. एकाला चूलबंद आणि शेजारच्याला घरटी झालं, तर मात्र रुसवा होतो.

आता जेवण. एकच गोड, एकच भाजी, आमटी, भात आणि ताक. लग्नाच्या दिवशी पोळी-पुरी असतेच, मग आदल्या रात्री कशाला? पोळ्या म्हणजे सहा बायांचे सहा तास. हळदीला लापशी हे आपलं जुनं जेवण आहे आणि शिऱ्यापेक्षा स्वस्त आहे. दीडशे पानांसाठी आम्ही जी वजनं धरतो ती सांगतो, लिहून घ्या. भाव दर वर्षी बदलतात, वजन बदलत नाही.

तांदूळ १५ किलो. तूरडाळ ५ किलो. लापशीचा गव्हाचा रवा ५ किलो आणि गूळ ५ किलो. वांगी १० किलो, बटाटा ५ किलो. शेंगदाण्याचा कूट २ किलो. तेल ४ लिटर. ताकासाठी दही ८ लिटर. कांदा, लसूण, कोथिंबीर, खोबरं आणि चटणी हे ज्याच्या-त्याच्या हाताप्रमाणं. तांदूळ नवा असेल तर भात कमी फुलतो, तेव्हा किलोभर जास्त काढून ठेवायचा, शिजवायचा मात्र लागला तरच.

करताना काही गोष्टी सांभाळायच्या. लापशीचा रवा तेल-तुपात खमंग भाजून आधणाच्या पाण्यात पूर्ण मऊ शिजू द्यायचा आणि गूळ शेवटी घालायचा. गूळ आधी पडला तर गहू कचकचीत राहतो, मग कितीही ढवळा. आपल्याकडच्या विहिरीच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून ती तासभर आधी भिजवायची, सरपण वाचतं. आमटी एकदम फोडणीला टाकायची नाही. डाळ शिजवून घोटून ठेवायची, निम्मी पहिल्या पंगतीला, निम्मी दुसऱ्या पंगतीला फोडणी द्यायची. शेजारच्या चुलीवर एक पातेलं पाणी उकळतं ठेवायचं. माणूस वाढलं तर आमटी त्याच्यानं वाढवायची. गार पाणी ओतलं की चव जाते आणि पोटंही बिघडतात.

भाताचं मात्र हात जोडून सांगतो. चैत्र-वैशाखात दुपारी तीनला भात करून परातीत ढीग घालून वर गोणपाट टाकतात आणि रात्री दहाला वाढतात. वरून भात चांगला दिसतो, आत आंबलेला असतो. लग्नघरात जुलाब-उलट्या होतात त्याचं एक कारण हे असतं. भात दोन वेळा करा, पंगत बसायच्या तासभर आधी एकेक. टँकरचं पाणी असेल तर बॅरलमध्ये जलशुद्धीचं औषध बाटलीवर लिहिलंय त्या मापानं घाला आणि अर्धा तास थांबूनच प्यायला द्या. दुधाचं काही करू नका. बासुंदी, रबडी उन्हाळ्यात टिकत नाही आणि महागही पडते.

वेळेनंही पैसा वाचतो. हळद पाच वाजता सुरू केली तर सात-साडेसातला पहिली पंगत बसते आणि साडेनऊला आवरतं. जनरेटर लागत नाही, लाइटचं भाडं कमी येतं. डीजेवाला असेल तर त्यालाही सांगा, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद ठेवायचा हा सन २००० चा नियम आहे. जेवायला उशीर का होतो हेही आपल्याला माहीत आहे. गावातली तरणी पोरं आणि काही कर्ती माणसं आधी मांडवाच्या मागं 'बसतात'. हळदीच्या खर्चातला हा आकडा कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो, बाईला तो नंतर कळतो. त्या घरी आम्ही तो आकडा आधीच विचारला. नवरीच्या मामानं मान खाली घातली आणि तो खर्च तिथंच संपला.

मटण नाही म्हणून भावकीतल्या दोघा-तिघांनी 'हळद कोरडी गेली' असं म्हटलं. म्हणू द्यावं. कर्ज न काढता लग्न करणं हे काही आजचं खूळ नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हा साध्या आणि थोडक्या खर्चात होणाऱ्या लग्नांचा आग्रह धरला. त्या काळी त्यांना किती बोलणी खावी लागली असतील, त्यापुढं आपल्याला एक टोमणा काय जड आहे?

आता हिशेब. किराणा, भाजी, दही, सरपण मिळून साडेपाच हजार. टँकर सहाशे. गटातल्या आठ जणींनी स्वयंपाक केला, त्यांची मजुरी प्रत्येकी तीनशे, म्हणजे दोन हजार चारशे. एकूण साडेआठ हजार, माणशी ५७ रुपयांच्या आत. मजुरी कशाला, आपलीच माणसं आहेत, असं घरच्यांनी म्हटलं. आम्ही ऐकलं नाही. बाईचे कष्ट फुकट धरून जी बचत दिसते ती बचत नसते, तो खर्च नुसता दुसऱ्या घरावर टाकलेला असतो. त्या आठ जणींचा त्या दिवशीचा रोजगार बुडालाच होता ना? पातेली, परात, ओगराळी आणि दोनशे स्टीलची ताटं गटाची होती. ती गटानं तीन वर्षांपूर्वी घेतली, भाड्यानं देतो, सभासदाला निम्मं भाडं. आपल्या राज्यात थर्माकोलच्या ताटांना २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी चालतात, पण दर लग्नाला विकत घ्याव्या लागतात. ताटं एकदाच.

तिनं गटाकडून १० हजार घेतले, शेकडा दीडनं, दहा हप्त्यांत. दर महिन्याला हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात दीडशे, मग एकशे पस्तीस, असं उतरत उतरत सगळं व्याज ८२५ रुपये झालं. ते गटाच्याच पेटीत आलं. गाय अजून दावणीला आहे.

एक कडू गोष्ट सांगायची राहिली. खर्च वाचवायचा म्हणून एका मांडवात दोन लग्नं लावायची रीत आपल्याकडं आहे. थोरलीबरोबर धाकटीचंही उरकून टाकू, एकाच जेवणात होतंय, असं म्हणतात. धाकटी अठराची झालेली नसते. तिथं बचतीचा शब्दसुद्धा काढू नका. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर लग्न लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आमचा गट स्वयंपाकाचं काम घेण्याआधी दोघांचे जन्मदाखले किंवा शाळेचे दाखले मागतो. दाखला नसेल तर चूल पेटत नाही. असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर १०९८ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आहेराचंही बघा. टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात, कुणी ते वापरत नाही. आम्ही भावकीतल्या बायांना आधीच सुचवलं की हळदीला तो आहेर आणण्यापेक्षा शिधा आणा. कुणी दोन किलो तांदूळ, कुणी किलोभर गूळ, कुणी शेंगदाणे. मांडवाच्या तोंडाला एकजण वही घेऊन बसली, आलेला शिधा तिनं नावानं लिहून घेतला. निम्मे तांदूळ त्यातच निघाले. तिच्यावर तो शिधा फेडायची पाळी येईल तेव्हा तीही दोन किलो तांदूळच देईल, साडी नाही.

वाढण्याचं ठरवून घ्या. पहिल्या पंगतीला लेकरं आणि म्हातारी माणसं. दुसऱ्या पंगतीला निम्मे पुरुष, निम्म्या बाया. पुरुष सगळे उठल्यावर बाया बसल्या की त्यांच्या वाट्याला भाजीचा रस्सा आणि भाताची खरवड येते. स्वयंपाकाच्या आठ जणींची आणि नवरीच्या आईची ताटं पहिली पंगत उठायच्या आत वेगळी झाकून ठेवा. नवरीची आई दिवसभर उपाशी असते आणि तिला कुणी विचारत नाही, हे आम्ही दर लग्नात बघतो. तिला धरून बसवायला एक बाई नेमा.

उरलेल्या अन्नाचं त्याच रात्री ठरवा. लापशी सकाळपर्यंत टिकते. भात, आमटी टिकत नाही, ती रात्रीच ज्यांना लागेल त्यांना गरम असताना द्यायची. सकाळी पाहुण्यांना शिळा फोडणीचा भात देऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. पातेली रात्रीच घासून, ओगराळी मोजून वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी लग्नाच्या धावपळीत एखादं तरी हरवतंच.

कुणाच्या गटाला ताटं-पातेली घ्यायची असतील तर किती घ्यावीत आणि भाडं कसं लावावं, ते पुढच्या बुधवारी सांगू. तोवर येत्या लग्नाची यादी काढून ठेवा आणि प्रत्येक नावापुढं चूलबंद का घरटी ते लिहा.