मुदतीचा बंदोबस्त

वासोमोटर ऱ्हायनायटिस हा विकार जिवावर बेतणारा नसल्यामुळे त्याची गांभीर्याने दखल घेण्याची प्रथा आपल्याकडे नाही. परंतु अ‍ॅलर्जीचा मागमूस नसताना, केवळ गार वाऱ्याच्या झुळुकीने, उदबत्तीच्या वासाने अथवा गरम आमटीच्या पहिल्या घोटासरशी ज्याच्या नाकातून पाण्याची धार लागते, त्याला पंगतीत बसणेही नकोसे होते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच पुण्यातील एका कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बोटुलिनम विषाच्या सुईने होणारा हा इलाज समक्ष पाहण्याची परवानगी मी मागून घेतली.

शीतपेटीतून काढलेल्या कुपीच्या तळाशी औषधाचा पांढरट पापुद्रा जेमतेम दृष्टीस पडत होता. आतील निर्वातामुळे सलाइन आपोआप ओढले गेले. बाईंनी कुपी हलकेच फिरवली, कारण हे विष म्हणजे अत्यंत नाजूक प्रथिन. रुग्ण निवृत्त शिक्षक होते. इप्राट्रोपियमचा फवारा पुरेसा न पडल्याने ते येथवर आले होते. या विकारासाठी ह्या औषधाला अधिकृत मान्यता नसल्याने संमतिपत्र सावकाश वाचून दाखवण्यात आले, आणि मगच बधिरतेच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात सरकवल्या गेल्या.

दुर्बिणीच्या पडद्यावर नाकाच्या बाह्य भित्तीवरील शुक्तिका फुगीर, ओलसर, गुलाबी दिसत होती. सुई अस्तराखाली शिरली, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही याची खातरजमा झाली, आणि थेंबभर औषध जाताच तेवढा भाग फिकट पडला. ग्रंथींना पाझरण्याचा हुकूम मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाद्वारे पोचतो; हे विष त्या रसायनाची रवानगीच काही काळ तहकूब करते.

जर्मनीतील व्युर्टेम्बर्गचा वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर याने सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करताना १८२२ साली, शरीरातील अतिरिक्त स्राव आवरण्यासाठी हेच विष अल्प प्रमाणात उपयोगी पडेल, असे सुचवले होते. त्या दूरदृष्टीपुढे मी नतमस्तक आहे. पुढे १९६१ च्या सुमारास इंग्लंडात गोल्डिंग-वुड यांनी नाकाकडे जाणारा विडियन मज्जातंतूच छेदण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. नाक कोरडे होई खरे, पण अश्रुग्रंथींकडे जाणारे तंतूही त्याच वाटेने जात असल्यामुळे कित्येकांचे डोळेही कोरडे पडत. विषाच्या सुईचा परिणाम थोड्या महिन्यांत ओसरतो, हा तिचा दोष मानण्याची रीत आहे. मला मात्र ही मुदत तिचा मोठा गुण वाटतो, कारण येथे तंतू तुटत नाही आणि कालांतराने पूर्ववत कामावर रुजू होतो.

“म्हणजे पुन्हा यावं लागणार?” शिक्षकांनी नाकावर कापूस धरून विचारले.

“हो काका. आणि आज लगेच फरक दिसणार नाही, काही दिवस लागतील. तोवर रोज किती रुमाल लागले ते लिहून ठेवा. पुढची सुई द्यायची की नाही, ते त्या वहीवरून ठरवू.”