ग्राइंडर लावण्याआधी बोर्ड बघा

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हमखास दिसणारं दृश्य: ग्राइंडरची पिन कापलेली, वायरची टोकं सॉकेटच्या भोकांत आगपेटीच्या काड्यांनी ठोकलेली. काम चालतं, म्हणून कुणी बोलत नाही. पण इथे अर्थिंगच्या हिरव्या वायरला जागाच उरत नाही, आणि ओढ बसली की फेज बाहेर.

तीन पिनांपैकी वरची जाड आणि लांब असते ती उगीच नाही. प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, यासाठी ती तशी. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मात्र ते दुहेरी इन्सुलेशनचं. त्याला दोनच पिना चालतात.

आता भार. आपल्याकडे दाब 230 व्होल्ट. 850 वॅटचा छोटा ग्राइंडर पावणेचार अँपिअरच्या आसपास घेतो; 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालेल. 2200 वॅटचं कटर साडेनऊ घेतं, सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त. त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून मोठं मशीन चालवू नका. आतली उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन वितळतं.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तोही हतबल. तो बसवला नसेल तर या आठवड्यात वायरमनला बोलवा, आणि अर्थिंगही तपासून घ्या.