रामशास्त्र्यांचा निर्णय आणि रघुनाथरावाची नेमणूक

रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलासही ठाऊक असते. ते प्रायश्चित्त त्याने घेतले नाही व घ्यावयास त्याला कोणी भाग पाडले नाही, या उत्तरार्धाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो या उत्तरार्धाचा.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाचा वध केला. तो त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, ही कथा कितीही रंजक असली तरी आपल्या मुद्द्यास तिची गरज नाही. कट धरण्याचा असो वा मारण्याचा, त्यात चुलत्याचा हात होता, इतके पुरे. पुतण्याच्या मृत्यूनंतर पेशवाईची वस्त्रेही चुलत्यासच मिळाली. ज्याच्या अधिकाराने न्यायाधीश निवाडे करावयाचे तोच आता अपराधी ठरत होता.

या पातकास प्रायश्चित्त काय, असे रघुनाथरावानेच विचारले, आणि चौकशी पुरी केलेल्या शास्त्र्यांनी देहान्त हेच उत्तर दिले, असे परंपरा सांगते. येथे ‘प्रायश्चित्त’ हा शब्द जपून वाचावयास हवा. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन वेगळे अध्याय आहेत. दंड राजसत्तेने द्यावयाचा असतो. प्रायश्चित्त हे पातक्याने आपल्या शुद्धीसाठी आपण होऊन करावयाचे असते. शिवाय स्मृतींच्या सामान्य नियमाप्रमाणे ब्राह्मणास वधदंड नाही. ब्रह्महत्येसारख्या महापातकास मरणान्तिक प्रायश्चित्त मात्र सांगितलेले आहे. मारला गेलेला ब्राह्मण, दोषी ठरलेला ब्राह्मण, आणि दंड देण्याचा अधिकारही त्याच दोषी पुरुषाच्या हाती! अशा स्थितीत शास्त्र्यांनी योजिलेला शब्द अगदी नेमका होता. मात्र या नेमकेपणामुळेच निर्णयाची अंमलबजावणी सर्वस्वी अपराध्याच्या सदसद्विवेकावर येऊन पडली.

शास्त्र्यांचा आशाभंग किती खोल असेल हे समजावयाचे तर माधवरावाच्या कारकिर्दीतील एक प्रसंग त्याच्या शेजारी ठेवावा लागेल. ग्रँट डफने तो दिला आहे. तरुण माधवराव जपजाप्यात गढून गेला आणि कारभार खोळंबू लागला, तेव्हा शास्त्री निरोप घेऊन काशीस निघाले. जपच करावयाचा असेल तर राज्य सोडून गंगाकाठी बसावे, अशा आशयाचे त्यांनी त्याला सुनावले. माधवरावाने दोष मान्य करून तो क्रम सोडला. निघून जाण्याची भाषा तेव्हा परिणामकारक ठरली, कारण ऐकणाऱ्यास स्वतःची लाज वाटत होती. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारला. त्यानंतर रघुनाथरावाच्या अमलात तेच शास्त्री पद सोडून पुन्हा निघाले, व या वेळी सत्ताधीश बधला नाही. वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले. आपल्या शब्दाला वजन आहे हे ज्याने एकदा अनुभवले, त्यालाच असा भंग अधिक लागतो; दरबाराबाहेरच्या माणसाची अपेक्षा मुळातच बेताची असते.

लोकस्मृती बहुधा येथे थांबते. वस्तुतः १७७४ मध्ये बारभाईंच्या हाती सत्ता आल्यावर शास्त्री न्यायाधीशपदावर परतले, आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम करीत राहिले. माझ्या मते ही पंधरा वर्षे त्या बाणेदार उत्तरापेक्षाही अधिक विचार करण्याजोगी आहेत. बारभाईंना शास्त्र्यांचा निर्णय हवा होता. रघुनाथरावाच्या हक्काविरुद्ध त्याहून प्रभावी शस्त्र त्यांच्यापाशी नव्हते. पण शस्त्र म्हणून उचललेला निर्णय गरज सरताच खाली ठेवला जातो. महंमद इसफ, खरकसिंग, तुळाजी पवार हे जसजसे हाती लागले तसतसे देहदंडास पोचले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला; १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी व वसई देऊ करून त्याने त्यांचे लष्करी साहाय्य मिळविले. पुढे युद्ध होऊन १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. पण त्याच तहाने त्याला दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक बांधून दिली. न्यायाधीशाच्या आसनावर तेव्हा रामशास्त्रीच होते.

याबद्दल नाना फडणिसांस दोष देणे सोपे आहे. एका माणसाच्या शासनासाठी इंग्रजांशी युद्ध लांबवीत बसणे राज्यास परवडणारे नव्हते, आणि वसई परत मिळविणे हा काही लहानसहान लाभ नव्हता. तरीही हुकूम पाळणाऱ्यास देहदंड आणि ज्याच्यासाठी कट झाला त्यास वर्षाला तीन लाख, हा हिशेब पुण्यातील सामान्य माणसाने कसा लावला असेल, हा प्रश्न मनातून जात नाही. शास्त्र्यांनी मात्र या वेळी पद सोडले नाही. जमीनजुमल्याचे, वारशाचे, देण्याघेण्याचे तंटे त्यांच्यापुढे येतच होते. तेथे त्यांच्या निवाड्यास दंडशक्तीचे पाठबळ होते.

रघुनाथराव कोपरगावी जाऊन राहिला व डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारला. १७९६ मध्ये त्याचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवेपदावर आला. त्या वेळी रामशास्त्री हयात नव्हते.