‘नाही’ ऐकू येईपर्यंत

“मी मोबाईल घेतला नाही.” हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या तीन शब्दांवर थांबलात तर मुलाने कबुली दिली आहे. चौथा शब्द आला की ते निर्दोष आहे. मधला वेळ पापणी लवण्याइतका. रागावलेला बाप नेमका त्याच वेळात बोलून मोकळा होतो, “घेतलास ना? मग!”

हेच मूल उर्दूत म्हणेल, “मैंने मोबाइल नहीं लिया.” इथे नकार क्रियापदाच्या आधी उभा आहे. कबुलीसारखं काही कानावर पडतच नाही. आपल्या अनेक घरांत दस्तरखानावर उर्दू किंवा दखनी आणि शाळेत मराठी, असं चालतं. त्यामुळे एकच मूल एका भाषेत वेळेवर सुटतं आणि दुसऱ्या भाषेत अडकतं.

व्याकरणाच्या पुस्तकात वाक्याला वेळ नसतो. ते कागदावर सबंध पडलेलं असतं, आणि कर्ता-कर्म-क्रियापद आपण बोट मागेपुढे फिरवून शोधतो. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात तसंच शिकवतो. बोलण्यात मात्र वाक्य एकेका शब्दाने येतं आणि ऐकणारा शेवटपर्यंत थांबत नाही. टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या. होय-नाही उत्तराचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी माणसं सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश. पण सावकाश म्हणजे तरी सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आतच. मराठी-उर्दू त्या दहांत नव्हत्या. पण आपल्यासारखं क्रियापद शेवटी ठेवणारी जपानी होती, आणि तिच्यात नकार क्रियापदाच्याही शेपटीला लागतो!

आता दुसरी गोष्ट. साधं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायला माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरचा बोलत असतानाच आपण वाक्याचा शेवट ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. वाईट सवय म्हणून नव्हे, सगळेच तसं करतात. ताडणं चुकलं की मात्र भांडण.

बोलणाऱ्याला हे आतून ठाऊक असतं, म्हणून तो वाक्यच बदलतो. आरोप झालेलं मूल कधी व्याकरणाप्रमाणे बोलत नाही. ते म्हणतं, “नाही नाही, मी नाही घेतला!” शेवटचा शब्द उचलून सर्वांत पुढे. निबंधात यावर आम्ही लाल खूण करू, पण बोलण्यात ती त्या मुलाची शहाणी चाल आहे. उलटही घडतं. “दिलास का डबा?” आई विचारते. उत्तर आलं नाही की त्याच वाक्याला शेपूट फुटतं, “...अब्बांना?” तरीही शांतता. “...सकाळचा?” तिचं वाक्य समोरच्याच्या गप्प राहण्याने लांबलं.

सर्वांत नाजूक शब्द आम्हाला वाटतो तो ‘म्हणे’. “तिचं लग्न मोडलं म्हणे.” बातमी आधी, ती ऐकीव असल्याची कबुली नंतर. ‘मोडलं’ ऐकताच शेजारीण “या अल्लाह, कधी?” म्हणते आणि ‘म्हणे’ त्या आवाजाखाली बुडून जातो. पुढच्या दारात बातमी पोहोचते ती ‘म्हणे’शिवाय. आणि एका मुलीचं नाव मोहल्ल्यात फिरू लागतं. सूरह हुजुरातमध्ये खबर पारखून घेण्याचा हुकूम आहे. हदीस सांगताना तर आधी रावींची साखळी येते, मग मजकूर. कोणी सांगितलं हे कळल्याशिवाय काय सांगितलं ते कानावर पडत नाही. घरातही “फलाणीने सांगितलं की” अशी सुरुवात करता येते. मराठीत तीही सोय आहे, फक्त ती कमी वापरली जाते.

आणि मग परदेशातले फोन. कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस कुवेतला नाहीतर दुबईला. “या ईदला येताय ना?” असं बायको विचारते. लाईन खराब असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदभर लागतो. समोरासमोर एवढी शांतता म्हणजे जवळजवळ नकारच, कारण ‘हो’ पटकन येतो आणि ‘नाही’ अडखळत. ती लगेच बोलते, “नसेल जमत तर राहू द्या.” त्याच क्षणी तिकडून निघालेलं “हो, इन्शाअल्लाह” येऊन तिच्या शब्दांवर आदळतं. दोघंही थांबतात, दोघंही पुन्हा एकदम बोलतात. काही घरांनी यावर आपला तोडगा काढला आहे. बोलणं संपलं की नवरा म्हणतो, “माझं झालं, आता तू बोल.”